शीटवर माझं नाव आहे

२२ फेब्रुवारी, रविवार, अलीगंज. सकाळी टाकी भरून घेतली. देवपूजा केली. अकराला ऑटोने निशातगंजला गेले, शाळेच्या दोन मैत्रिणींबरोबर जेवले आणि तीनच्या सुमारास घरी परतले. ऊन चांगलं होतं, स्वेटर लागला नाही.

अण्णा, आज मी एक खोटी गोष्ट तुमच्यावर ढकलली. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुम्ही काही येऊन ती नाकारणार नाही, हे माहीत होतं म्हणूनच ती इतकी पटकन तोंडातून गेली असणार. जेवताना सुचलं, बोलून गेले आणि समोरच्या दोघींनी ऐकून घेतलं. ऑटोत बसल्यावर मात्र जिवाला चैन पडेना. घरी येऊन साडीसुद्धा बदलली नाही, तशीच लिहायला बसले आहे. सिंचाई विभागात तीस वर्षं नकाशे काढले, टिपणं लिहिली, पण पत्र लिहायची सवय मला नाही. तुम्हाला तर कधीच लिहिलं नाही, आपण कायम एकाच घरात राहिलो.

फोनवर आमच्या वर्गाचा एक ग्रुप आहे. दिवाळीत आमच्या वर्गाच्या मॉनिटरनं तो काढला. ती तेव्हा फळ्यावर बडबडणाऱ्यांची नावं लिहायची, आता सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवते. बाविसेक जणी आहोत. रोज सकाळी फुलांची चित्रं येतात, नातवंडांचे फोटो येतात. मी वाचते, सहसा लिहीत नाही. पंधरवड्यापूर्वी मॉनिटरनं त्यावर एक फोटो टाकला आणि तो बघून मी खुर्चीतून उठून उभी राहिले. तुम्ही नोकरी केलीत त्या वनस्पती-संस्थेच्या कपाटातली शीट होती ती. वाळवलेल्या वनस्पतींच्या सगळ्या शीट आता फोटो काढून कॉम्प्युटरवर ठेवतात, जगात कुणीही बघू शकतं. मॉनिटरची भाची बॉटनीत एम.एस्सी. करते, तिला अभ्यास करताना ती दिसली आणि नाव ओळखीचं वाटलं म्हणून तिनं मावशीला दाखवली. खाली मॉनिटरनं लिहिलं होतं, ‘देखो देखो, हमारी क्लास की साइंटिस्ट! हमें कभी बताया ही नहीं!’

कागद पिवळा पडला आहे. त्यावर दोऱ्याच्या गुंत्यासारखी ती पाण्यातली वनस्पती आणि तिची तीन फुलं, तेव्हा हळदीसारखी पिवळी होती, आता चहाच्या रंगाची झाली आहेत. उजव्या कोपऱ्यात खाली लेबल. ठिकाण, तारीख, आणि गोळा करणाऱ्याच्या जागी माझं पूर्ण नाव, आपल्या पद्धतीप्रमाणे मध्ये तुमचं नाव घातलेलं. त्याखाली तुमची बारीक सही. ग्रुपवर टाळ्यांची चित्रं येत राहिली. सातवी की आठवी प्रतिक्रिया तिची होती. नुसते जोडलेले हात. बाकी काही नाही.

ती म्हणजे तुमच्या संस्थेतल्या माळ्याची मुलगी. सहावी ते दहावी आम्ही एका बाकावर बसलो. नर्सरीच्या मागे त्यांची खोली होती, आणि शाळा सुटल्यावर ती अर्ध्या वाटेपर्यंत माझ्याबरोबर येऊन मग वळायची. पुष्कळदा वळायचीच नाही, सरळ आपल्या घरी यायची. आईनं थालीपीठ लावलं की ती विचारायची, ‘आंटी, आज छेद वाली रोटी है क्या?’ साताऱ्याहून पोस्टानं येणारं वर्तमानपत्र तुम्ही वाचून झाल्यावर झाडं दाबायला ठेवायचात. ते उचलून ती मोठ्यानं मराठी बातम्या वाचायची, सगळं तिच्या चालीत, आणि स्वतःच हसत सुटायची. आई म्हणायची, हिला चार महिने द्या, ही तुमच्या मुलीपेक्षा बरं मराठी बोलेल. ते मात्र झालं नाही. तिला मराठी वाचता यायचं, कळायचं नाही.

आणि ते तिला कळत नव्हतं, याचाच मी फायदा घेतला. तो दिवस सांगते. नवरात्राची सुट्टी आहे. तुम्ही आम्हा दोघींना स्कूटरवर मागे बसवून कानपूर रोडनं सरोजिनी नगरच्या पलीकडे नेता. तेव्हा तिकडे वस्ती नव्हती, शेतं आणि मध्ये मध्ये तळी. तुम्ही पँट दुमडून तळ्याच्या पलीकडच्या काठावर वाकून गवतं बघताय, पाठ आमच्याकडे. ती फ्रॉक खोचून गुडघाभर पाण्यात शिरली आहे. मी काठावर, कारण मला जळवांची भीती वाटते. ती ओरडते, ‘ए, इधर आओ! पीले फूल हैं, और इसकी तो जड़ ही नहीं है!’ ती मूठभर काढून वर धरते, खालून पाणी निथळतंय, बारीक बारीक पिशव्या लोंबताहेत. मी हात लांब करून तिच्या हातातून ती घेते आणि काठाकाठानं पळत तुमच्याकडे येते. तुम्ही वळून बघता. चष्मा वर सारता. तुमचा चेहरा असा मी पूर्वी कधी पाहिलेला नाही. तुम्ही मराठीत विचारता, ‘कुणाला दिसलं हे?’

मी म्हणाले, ‘मला.’

ती मागे चिखलात रुतलेला पाय ओढून काढत होती. तिनं ऐकलं असेल, पण तिला कळण्यासारखं ते नव्हतं. मग तुम्ही आम्हा दोघींना तुमच्या त्या हिंदीत सांगितलंत की ही वनस्पती पाण्यातले किडे खाते, की लखनऊच्या आसपास ती कित्येक वर्षांत कुणी नोंदवलेली नाही, आणि, ‘जिसने ढूँढा, उसका नाम इस काग़ज़ पे सौ साल रहेगा.’ ती एवढी खूष झाली. आता लक्षात येतं, तिनं ते स्वतःबद्दल ऐकलं होतं. तुम्ही माझ्याबद्दल बोलत होतात.

संध्याकाळी तुम्ही ट्रेमध्ये पाणी घेतलंत, ती वनस्पती त्यात मोकळी सोडलीत, खालून कागद सरकवून हळूहळू वर उचललंत. सगळे धागे होते तसे पसरून कागदावर बसले. ती तोवर घरी गेली होती. शीट तयार झाल्यावर तुम्ही पेन माझ्या हातात दिलंत, कारण माझं अक्षर चांगलं होतं. ठिकाण तुम्ही सांगितलंत, तारीख सांगितलीत. नाव सांगितलं नाहीत. ते मी माझ्या मनानं लिहिलं. तुम्ही वाचलंत, शाई वाळू दिलीत आणि सही केलीत.

तुम्ही मला फारसं रागावला नाहीत कधी. पण त्याच वर्षी एका लेबलावर तारीख चुकली म्हणून मी ती रबरानं खोडली, तेव्हा तुम्ही माझ्या हातातून रबर काढून घेतलात. ‘कपाटातल्या कागदावर खोडायचं नसतं. चुकलं तर चुकलेलं तसंच राहू द्यायचं. शेजारी दुसरी चिठ्ठी चिकटवायची, बरोबर काय ते लिहायचं, खाली सही आणि तारीख. म्हणजे पुढच्या माणसाला दोन्ही दिसतं.’ मी रडले होते. एवढ्याशा गोष्टीवरून, असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, त्याच वेळी सांगता आलं असतं. तळ्यातल्या वनस्पतीचं लेबल ताजं होतं, ती रोज बाकावर शेजारी होती, तुम्ही समोर होतात, आणि कसं दुरुस्त करायचं तेही तुम्ही नुकतंच सांगितलं होतं. मी डोळे पुसून तारखेची चिठ्ठी कापायला लागले.

का नाही सांगितलं, तेही लिहून टाकते. पुण्याहून तुमचे कोणी परिचित आले होते, तुम्ही त्यांना संस्थेत घेऊन गेलात आणि मलाही बरोबर नेलंत. तुम्ही ते कपाट उघडलंत, ती शीट टेबलावर ठेवलीत आणि म्हणालात, ‘ही आमच्या मुलीनं शोधली.’ तुम्ही कमी बोलणारे. माझे मार्क बघून मान हलवायचात, नोकरी लागली तेव्हा ‘बरं झालं’ म्हणालात. ‘आमच्या मुलीनं’ असं तुमच्या तोंडून मी तेवढं एकदाच ऐकलं. ते मला परत द्यायचं नव्हतं.

आता आजचं. निशातगंजला चाटच्या दुकानाच्या वर बसायला जागा आहे, तिथे मॉनिटरनं बोलावलं होतं, मला आणि तिला. दहावीनंतर ती आणि मी भेटलोच नव्हतो. तिचं लग्न लवकर झालं, आम्ही घर बांधून इकडे आलो. आता तिचे केस सगळे पांढरे आहेत, रंगवत नाही. अंगणवाडीची सुपरवायझर होती, गेल्या वर्षी रिटायर झाली. राहते सरोजिनी नगरलाच. मी विचारायच्या आधी तिनंच सांगितलं की ते तळं आता नाही, तिथे गोदाम झालं आहे. मला बघून तिनं दोन्ही हात धरले आणि म्हणाली, ‘अरे, तुम तो बिल्कुल आंटी जैसी हो गई हो.’ आईसारखी दिसते म्हणे मी. आईला जाऊनही तेरा वर्षं झाली, असं सांगितलं तेव्हा तिनं हात सोडले नाहीत.

खाणं आलं आणि मॉनिटर सुरू झाली. ‘तो साइंटिस्ट मैडम, अब ट्रीट तो बनती है!’

ती हसली. ‘साइंटिस्ट? ये तो किनारे पे खड़ी थी, जोंक के डर के मारे! पौधा तो हम निकाले थे, कीचड़ में घुस के. चप्पल भी वहीं रह गई थी हमारी.’

‘हाय! फिर नाम इसका कैसे?’ मॉनिटरनं माझ्याकडे बघितलं. तीही बघत होती, चमचा हातात तसाच. चेष्टेतच चाललं होतं सगळं. आणि मी म्हणाले, ‘लेबल पापा ने लिखा था. उन्होंने ही मेरा नाम डाल दिया होगा.’

मॉनिटर म्हणाली, ‘लो! अंकल भी कम नहीं थे. अफ़सर आदमी, अपनी लड़की आगे, माली की लड़की पीछे. पहले सब ऐसे ही चलता था यार.’

अण्णा, जो माणूस माळ्याच्या मुलीला आपल्या मुलीशेजारी स्कूटरवर बसवून नेत होता, तिच्यासमोर त्याला कुणी असं म्हणालं आणि मी पाण्याचा ग्लास उचलला. तिनं माझ्याकडे एकदा नीट बघितलं, ‘अच्छा’ एवढंच म्हणाली आणि प्लेट माझ्याकडे सरकवली. ‘दही-बड़ा खाओ. ठंडा है, अच्छा है.’

नंतर मॉनिटर हात धुवायला गेली तेव्हा ती तिच्या वडिलांबद्दल बोलली. ती त्यांना बप्पा म्हणायची. त्या दिवशी संध्याकाळी तिनं त्यांना सांगितलं होतं की माझं झाड आत कपाटात राहणार, माझ्या नावानं. पुढे रिटायर होईपर्यंत बप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या इमारतीकडे हात करून सांगायचे, ‘हमारी बिटिया का पौधा अंदर रखा है.’ गेटवरच्या गार्डला, नव्या माळ्यांना, तिच्या सासरच्यांना. ‘एक बार किसी साहब से कह के अंदर भी हो आए,’ ती म्हणाली. ‘देख के आए, छू के नहीं. अंग्रेज़ी पढ़ नहीं पाते थे न. अच्छा ही हुआ.’ हे तिनं कागदाच्या रुमालानं चमचा पुसत सांगितलं. आवाज जराही बदलला नाही. मग मॉनिटर आली आणि आम्ही गाजर हलवा मागवला.

इथवर लिहून उठले. चहा ठेवला. तो उतू जायच्या आत गॅस बंद केला आणि न गाळताच तिला फोन लावला.

‘हाँ, पहुँच गईं?’ ती म्हणाली.

‘पहुँच गई. सुनो, वो लेबल पापा ने नहीं लिखा था. हमने लिखा था. पापा ने पूछा था किसने देखा, तो हमने कहा, हमने.’

पलीकडे कुकरची शिटी झाली. ती कुणाला तरी म्हणाली, गैस धीमी कर दो. मग फोनवर आली. ‘पाँच साल तुम्हारी कॉपी से उतारे हैं. तुम्हारा लिखा हम नहीं पहचानेंगे? जिस दिन फ़ोटो आई, उसी दिन पहचान लिए थे.’

‘तो वहाँ बोलीं क्यों नहीं?’

‘काहे बोलते? तुमको बोलना था.’ मग म्हणाली, ‘और अंकल जी को काहे फँसाया? उस बेचारे आदमी ने तो हमको ज़िंदगी में पहली बार स्कूटर पे बिठाया था. हम वहाँ बैठे सोच रहे थे, ये अब भी वैसी ही है, जोंक देख के दूसरे को आगे कर देती है.’

मी हसले नाही. तीही नाही. मी माफी मागितली, हिंदीत ते शब्द नीट जुळले नाहीत. ती म्हणाली, ‘बुरा तो लगा था. फ़ोटो देखी तो दो दिन बुरा लगा. अपना नहीं, बप्पा का.’ मग मी तिला सांगितलं की जुनं लेबल काढत नाहीत, पण शेजारी दुसरी चिठ्ठी लावता येते, मी संस्थेला कळवते. ‘उसमें हमारा नाम आएगा?’ तिनं विचारलं. येईल, म्हटलं. ‘तो शादी के पहले वाला लिखवाना. बप्पा वाला.’ तिनं इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर करून सांगितलं, मी ते रद्दी पाकिटाच्या मागे लिहून घेतलं आणि परत वाचून दाखवलं. ‘हाँ, ठीक है,’ म्हणाली, ‘और इतवार को आना कभी. तुम्हारे यहाँ वाली छेद वाली रोटी हमसे बनती नहीं, टूट जाती है.’ येत्या रविवारी भाजणी घेऊन जाणार आहे.

मग मॉनिटरला, म्हणजे ग्रुपवरच, त्या जोडलेल्या हातांच्या खाली उत्तर म्हणून लिहिलं. तीनदा लिहून पुसलं. शेवटी एवढंच ठेवलं: ‘पौधा इसने ढूँढा था. लेबल पर अपना नाम मैंने लिखा था. मेरे पिताजी को मैंने ही ग़लत बताया था, उनकी कोई ग़लती नहीं थी.’ दोन मिनिटांत मॉनिटरचं उत्तर आलं, ‘अरे यार, इतनी पुरानी बात! छोड़ो भी,’ आणि वर हसणारा चेहरा. सोडून देण्यासारखी ती तिला वाटणारच. पण दुपारी ती तुमच्याबद्दल जे म्हणाली ते बाकीच्यांपर्यंत जायच्या आत हे गेलं, याचं बरं वाटलं.

संस्थेला मेल लिहिताना तुमची फार आठवण झाली. ऑफिसातल्यासारखाच लिहिला. शीटचा नंबर, लेबलावर काय आहे, प्रत्यक्षात काय घडलं, गोळा करणाऱ्या मुलीचं नाव, कळवणारीचं नाव. ते मानतील की नाही माहीत नाही. कदाचित म्हणतील, एवढ्या वर्षांनी पुरावा काय. पुरावा म्हणून तिघं होतो, आता दोघी आहोत, आणि दोघींचं म्हणणं एक आहे.

एक गोष्ट मला कधीच कळणार नाही. पलीकडच्या काठावरून तुम्ही वळलात तेव्हा मी कोरडी होते. मोजेसुद्धा कोरडे. ती गुडघ्यापर्यंत चिखलात होती. तुम्ही पानाच्या कडेवरून वनस्पती ओळखणारे, तुम्हाला ते दिसलं नसेल का? दिसलं असेल आणि मी आपणहून सांगेन म्हणून थांबला असाल, तर तुम्ही फार वर्षं थांबलात. आणि दिसलंच नसेल, माझ्यावर नुसता विश्वास टाकला असेल, तर ते मला जास्त जड जातं. शेवटच्या आजारात तीन महिने मी तुमच्या उशाशी होते. दुपारी घर शांत असायचं. विचारता आलं असतं. मी तुमची नखं कापायची, औषधाची वेळ बघायची आणि आज थंडी कमी आहे असलं काहीतरी बोलायची.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं आणखी लिहिते. मेल पाठवायच्या आधी मी त्या शीटचा फोटो फोनमध्ये वेगळा ठेवून घेतला. उद्या तिथे दुसरी चिठ्ठी लागेल, लागायलाच हवी. पण माझ्याकडे राहील त्या फोटोत एकच लेबल आहे, माझं नाव आणि खाली तुमची सही. खोटं आहे हे माहीत असून ठेवला. मगाशी दोनदा मोठा करून बघितला.

पाच वाजत आले. गच्चीवर कपडे वाळत होते, आणि या वेळेला माकडं येतात. वर जाऊन ते काढून आणले. उशीचे अभ्रे अजून थोडे दमट होते, ते खुर्चीच्या पाठीवर पसरले. बाकीच्यांच्या घड्या घातल्या आणि कपाटात ठेवल्या.